सड्यावरचा माइक

मालूकाकी,

घसा पार बसलाय. आई सकाळपासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावते आहे आणि मी हातवारे करून चहा मागतो आहे. बोलता येत नाही म्हणून लिहितोय. येत असतं तर तुझ्या पडवीत येऊन, तुझ्या त्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून सगळं ओरडून सांगितलं असतं. तुझ्या लेकाने, पप्याने, मला वेडा ठरवलं असतं, पण तोही शेजारी उभा राहून माझं चुकलेलं दुरुस्त करत राहिला असता. काल आपली फायनल झाली, काकी. वरची वाडी विरुद्ध खालची वाडी. अशी फायनल सड्याच्या उघड्या कातळावर मी तरी पाहिलेली नाही, आणि ती बघायला तू नव्हतीस. याचा मला इतका राग आला आहे की दुःखाला जागाच उरलेली नाही.

निकाल आधी सांगणार नाही. तुझाच नियम आहे. भारताची मॅच चालू असताना लाइट गेली आणि खेडच्या बाजारातून आलेला कुणी निकाल सांगायला लागला, की तू दोन्ही कान दाबून धरायचीस. "सांगू नको मेल्या, मला बॉल बाय बॉल पायजे." तेव्हा क्रमानेच सांगतो.

आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रकं आली, हे तुला माहीत आहे. बाबांनी रस्त्यासाठी पत्रकं काढली, दारूच्या दुकानाविरुद्ध काढली, बुवाबाजीविरुद्ध काढली. मी अक्षरं लावायला शिकलो ती त्या गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. म्हणजे मला लहानपणापासून ठाऊक होतं की जगात दोनच गोष्टी असतात, न्याय आणि अन्याय. आणि मग तू भेटलीस. तुझ्याकडे तिसरीच गोष्ट होती, आपली टीम.

वर्ल्ड कपची ती मॅच आठवते? आमच्याकडे टीव्ही बिघडला होता, म्हणून अर्धी वाडी तुझ्या घरात. तू मला सोलकढीचं पातेलं आणायला स्वयंपाकघरात पाठवलंस. मी पातेलं घेऊन उंबरठ्यावर आलो, एक पाय आत, एक बाहेर, आणि तेवढ्यात आपल्या माणसाने षटकार मारला.

"हलू नको," तू म्हणालीस.

"काकी, पातेलं जड आहे."

"मॅच पन जड हाय."

मी म्हटलं, माझ्या पायाचा आणि तिकडे परदेशात चाललेल्या बॅटिंगचा काही संबंध नाही, ही अंधश्रद्धा आहे, बाबांचं अख्खं पत्रक आहे यावर. तू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणालीस, "तुझा विवेक ऱ्हाऊ दे तिथंच. पातेला खाली ठेवू नको." मी ठेवलं नाही. सबंध डाव तसाच उभा राहिलो, कढी मनगटावर सांडत होती. भारत जिंकला तेव्हा घरभर नाच सुरू झाला आणि तू सगळ्यांत आधी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलंस आणि माझे दंड चोळलेस. हा वाद आपण कितीदा घातला असेल. मी म्हणायचो, तेव्हा जिंकलो ते अकरा जणांमुळे. तू म्हणायचीस, "हो तर. बारावा दारात उभा होता."

पण आपला खरा वाद सड्यावरचा. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की सड्यावर टेनिस बॉलची स्पर्धा. कातळाचं मैदान, त्यावर चुन्याची बाउंड्री. डाइव्ह मारली तर गुडघ्याचं सालपट निघणार, म्हणून फिल्डर अंग सांभाळून खेळतात, आणि बॉल कातळाच्या कुठल्या कपारीवर पडून कुठे उसळेल ते देवाला माहीत. एका टोकाला आंब्याच्या रिकाम्या पेट्या रचून त्यावर मंडप, मंडपात माइक, आणि माइकवर तू.

तू तिथे पोचलीस कशी, ही गोष्ट तू दर वर्षी वेगळी सांगायचीस. मला बाबांनी सांगितलेली अशी, की खेडहून यायचा समालोचक त्या वर्षी आलाच नाही. कुणाची तरी मोटारसायकल वाटेत उभी होती, ती काढायला सांगायला तू माइक हातात घेतलास आणि तो मग खाली ठेवलाच नाहीस. तुझं माहेर हर्णेचं, तुझ्या वडिलांचं बंदरावर बर्फाचं दुकान. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूत मासळीचा लिलाव पुकारला जायचा, तो ऐकत तू मोठी झालीस. त्या लिलावाचा ठेका तू थेट सड्यावर आणलास. "एक धाव, एक धाव, दुसरी कोन देतंय, दुसरी कोन देतंय... खालच्या वाडीचा फिल्डर झोपलाय, दुसरी त्यानं दिली." लोक मॅच बघायला यायचे की तुला ऐकायला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि तू उघड उघड आपल्या वाडीची होतीस. आपल्या पोराने चौका मारला की तो हिमालयावरून गेलेला असायचा. खालच्या वाडीने मारला की "वारा होता." सगळ्यांत जास्त तू फिरकी घ्यायचीस ती खालच्या वाडीच्या धाकूअण्णांची. एके काळचे त्यांचे फास्ट बॉलर, आता छत्री घेऊन काजूच्या झाडाखाली बसणारे. दर वर्षी ते सड्यावर आले की तू माइकवरून सांगायचीस, "धाकूअण्णा छत्री घेऊन आलेले हायत. म्हंजे आज तोंड लपवावं लागनार, हे त्यांना घरूनच म्हाईत होता." अण्णा छत्री उघडून खरंच तोंड लपवायचे आणि मैदान हसायचं.

मला हे पटत नव्हतं. अजून पटत नाही. माइक गावाचा आहे, तो एका वाडीच्या आनंदासाठी नाही. म्हणून मी पत्रक काढलं. खेडला एसटी स्टँडजवळ झेरॉक्स काढल्या. वर ठळक मथळा: 'वर्गणी दोन्ही वाड्यांची, माइक एका वाडीचा!' मॅचच्या मधल्या पाण्याच्या वेळेत मी मैदानभर वाटलं.

तू एक पत्रक मागवून घेतलंस. पदराने चष्मा पुसलास आणि माइक तोंडाशी धरलास.

"मंडळी, पाण्याची वेळ चालू हाय, तवर एक नवा बॉलर आलाय. वरच्या वाडीचाच हाय, पन बॉलिंग आपल्याच टीमवर टाकतोय. पयला परिच्छेद. लांब रनअप. धावतोय, धावतोय, अजून धावतोय, स्वल्पविराम, परत धावतोय, वाक्य काय संपत नाय... आनि वाइड."

सगळा सडा हसत होता. बाबासुद्धा, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. मी पेट्यांसमोर हाताची घडी घालून उभा होतो. तू पुढे वाचलंस, "समालोचकाने निःपक्ष असावे." थांबलीस. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंस. "हा मात्र सरळ स्टंपात टाकलान. मला खेळता नाय आला. पन आउट कोन देनार? अंपायर बी मीच."

संध्याकाळी मी तुझ्याबरोबर वायर गुंडाळत होतो. भांडण झालं तरी वायर गुंडाळायला मीच लागायचो. तेव्हा तू विचारलंस, अगदी सहज, "तू कुनाचा रे?"

मी म्हटलं, "मी कुणाचाच नाही. मी न्यायाच्या बाजूचा."

"न्याय ऱ्हातो कुठच्या वाडीत?"

उत्तर माझ्याकडे होतं. मला वाटलं, ते नीट लिहून द्यावं. ते राहूनच गेलं.

आता तू म्हणशील, पप्याच्या टाचेचं सांग. सांगतो, लपवत नाही. माझ्या पत्रकाच्या आदल्या वर्षीची फायनल. खालच्या वाडीने उंच मारला, तुझ्या पप्याने अगदी बाउंड्रीवर कॅच घेतला. अंपायर लांब, त्याने बोट वर केलं, आपली पोरं पप्याला खांद्यावर घ्यायला धावली. आणि माइकवरून तुझा आवाज आला. त्यात लिलावाचा ठेका नव्हता. "पप्या, टाच बघ. चुना लागलाय."

पप्याने टाच बघितली. काळ्या बुटाला पांढरा चुना. सिक्स दिला, आपण हरलो. बाउंड्रीच्या त्या कोपऱ्यातलं मंडपातून फक्त तुला दिसलं होतं. तू गप्प बसली असतीस तर कुणाला कळलंही नसतं. त्या संध्याकाळी तू पप्याला जेवायला वाढलंस आणि स्वतः मात्र जेवली नाहीस, असं त्यानेच मला सांगितलं. आपण हरलो म्हणून, तू बोललीस म्हणून नव्हे.

हे माहीत असूनही मी पत्रक काढलं, काकी, आणि आजही काढेन. माइकवर कायम मालूकाकीच असेल याची खात्री कोण देणार? तू मला म्हणायचीस, "बाजू घेनं येगळा आनि खोटा बोलनं येगळा." मला मान्य. पण सगळ्यांना तो फरक कळतो असं नाही. एका बाईच्या सच्चेपणावर गावाची व्यवस्था उभी करायची नसते. बघ, आता तू नाहीस तर काय झालं.

तू गेलीस त्याला महिनाही झाला नव्हता. मुंबई मंडळाचे सुऱ्याभाऊ आले आणि देवळात मीटिंग बसली. प्रश्न एकच, माइकवर कोण. सुऱ्याभाऊ म्हणाले, "यंदा यूट्यूबवर लाइव्ह जायचंय. प्रोफेशनल माणूस पाहिजे. चिपळूणचा एक मुलगा आहे, हिंदी-इंग्लिश मिक्स मारतो, एकदम टीव्हीसारखं. न्यूट्रल."

न्यूट्रल. माझाच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी ताडकन उभा राहिलो. म्हटलं, खेळणारा आपला, बघणारा आपला, आणि बोलणारा भाड्याचा? निःपक्ष म्हणजे परका नव्हे. आपल्याच माणसाने, आपल्याच बोलीत, दोन्ही वाड्यांना सारखं बोलावं, ही माझी मागणी होती आणि आहे. मी बराच वेळ बोललो. बाबा मान डोलावत होते. खालच्या वाडीची माणसंही डोलावत होती. मी खाली बसलो तर पप्या कोपऱ्यातून म्हणाला, "मग तूच बोल. पत्रका लय वाटतोस."

कुणी हसलं नाही. तसंच ठरलं.

पहिल्या दिवशी मी पेट्यांवर चढलो. तुझी खुर्ची तिथे होती, तिच्यावर बसवेना, उभाच राहिलो. आणि मी माझ्या तत्त्वाप्रमाणे बोललो. चेंडू डावीकडे गेला. एक धाव झाली. चांगली गोलंदाजी. चांगली फलंदाजीसुद्धा. दोन्ही संघांचं अभिनंदन. काकी, मी एक शब्द तिरका बोललो नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी पोरं मोबाइल बघत होती आणि बायका उठून घरी गेल्या होत्या.

दुपारी धाकूअण्णा मंडपात आले. मला वाटलं, अभिनंदन करायला. शेवटी त्यांच्याच वाडीवरचा अन्याय मी दूर केला होता.

"बाबू," ते म्हणाले, "ही मॅच सांगतोयस का मयताची बातमी?"

मी म्हटलं, "अण्णा, निःपक्ष बोलतोय. तुमच्यासाठीच."

"आमच्यासाठी?" त्यांनी हातातली छत्री पुढे केली. "ही बघ. सकाळपासून घेऊन बसलोय काजूखाली. दोनदा उघडली, दोनदा मिटली. कोन काय बोलला?"

मी माइक बंद केला.

"मालू गेली तर गेली. म्हून आमाला शिव्या घालनारा गावात कोनच नाय काय? आमी काय येवढे टाकाऊ झालो?" मग त्यांनी छत्री बगलेत मारली आणि उतरताना म्हणाले, "न्याय कर बाबा, पन जीव नको घेऊ."

मी माझ्या पत्रकात सगळा विचार केला होता. वर्गणीचा, हक्काचा, माइकच्या मालकीचा. तू ज्यांना चिडवायचीस त्यांना काय वाटतं, हे मात्र मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं. तू माइकवरून त्यांचं नाव घ्यायचीस म्हणजे अण्णांची हजेरी लागायची. सड्यावर आपली कुणीतरी वाट बघतंय, हे त्यांना कळायचं.

तरी मी लगेच बदललो नाही. इतका सहज बदललो असतो तर बाबांनी घराबाहेर काढलं असतं. दोन दिवस मी अर्धा अर्धा बोललो, ना इकडचा ना तिकडचा. आणि मग कालची फायनल.

आता नीट ऐक. आपण आधी बॅटिंग केली. फार धावा नाही केल्या, पण लढण्यापुरत्या केल्या. खालची वाडी पाठलाग करत आली, हळूहळू, चिवट, आणि सामना शेवटच्या ओव्हरवर आला. ऊन उतरलेलं, सगळा सडा तांबडा दिसत होता. माणसं बाउंड्रीला चिकटून उभी. मी माइक घट्ट धरला आणि नेमका तेव्हा जनरेटर खोकला, धूर सोडला आणि बंद पडला.

माइक मेला. सुऱ्याभाऊ डिझेल, डिझेल करत पळाले. बॉलर रनअपवर थांबलेला. मैदानावर इतकी शांतता की खालच्या वाडीतला कोंबडा ऐकू आला. आणि सगळे मंडपाकडे बघत होते. माझ्याकडे नाही, काकी. तुझ्या खुर्चीकडे.

मी तुझ्या खुर्चीवर चढून उभा राहिलो. चपला काढून, पण चढलो. आणि उघड्या गळ्याने ओरडलो, "वरच्या वाडीचा वाघ निघालाय! खालच्या वाडीनं आपली पोरं घरात घ्यावी!"

मग मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून, काजूजवळच्या उंच कातळावरून आवाज आला. धाकूअण्णा उभे होते, हातात मिटलेली छत्री भाल्यासारखी.

"वाघ कसला, मांजार हाय! रोज आमच्याकडं दुधाला येतो!"

अख्खा सडा ओरडला. बॉल पडला, एक धाव निघाली. मी ओरडलो, "एक धाव, एक धाव, दुसरी कोण देतंय?" तिकडून उत्तर, "आमी मागतच नाय, आमी थेट चौकाच नेनार!" आणि पुढच्याच बॉलला चौका. मी म्हटलं, वारा होता. अण्णा म्हणाले, "वारा तुझ्या पत्रकात!" त्यांच्या मागे त्यांची वाडी, माझ्या मागे आपली. प्रत्येक बॉल दोनदा सांगितला जात होता, इकडून एक, तिकडून एक. दोन्ही सांगणं खोटं होतं आणि मॅच मात्र खरी. माझा गळा फाटत होता आणि मला थांबायचं नव्हतं.

शेवटचा बॉल. त्यांना चार हव्या होत्या. मारला, उंच. इतका उंच की मी आणि अण्णा, दोघेही बोलायचे थांबलो. बॉल त्याच कोपऱ्यात चालला, आणि खाली, काकी, पप्या.

त्याने घेतला. मागे जात जात, दोन्ही हातांनी, छातीशी. मला मंडपातून त्याचे पाय दिसत नव्हते, मध्ये माणसं उभी होती. त्याला कुणी खांद्यावर घ्यायच्या आत त्याने बॉल काखेत धरला, खाली बसला आणि उजवा बूट काढला. टाच स्वतःच नीट बघितली. मग बूट हातात घेऊन तो चालत गेला. आमच्याकडे आला नाही, अंपायरकडेही नाही. काजूच्या दिशेने गेला. अण्णा कातळावरून उतरले. पप्याने बूट त्यांच्या पुढे धरला.

अण्णांनी चष्मा वर केला, बूट उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा उन्हात धरून बघितला. त्यांच्या वाडीची माणसं भोवती जमली होती. एक जरी शब्द वेगळा बोलले असते तरी स्पर्धेची ढाल खालच्या वाडीत गेली असती. त्यांना बघणारं, अडवणारं कुणीही नव्हतं.

"आउट हाय," अण्णा ओरडले, त्या सगळ्या गर्दीच्या वरून, माझ्यापर्यंत पोचेल इतक्या जोराने. "लाल माती हाय. चुना नाय."

जिंकलो, काकी.

ढाल तुझ्या फोटोखाली ठेवली आहे. सामनावीराच्या बक्षिसाचा कोंबडा पप्याला मिळाला. तो तुझ्या पडवीत बांधलाय आणि कापायचं नाव कुणी काढत नाही. अण्णा काल संध्याकाळी मुद्दाम वर आले. त्या कोंबड्याकडे बघून म्हणाले, "ह्याचा आवाज तुझ्यापेक्षा बरा हाय." छत्री विसरून गेले आहेत, बहुतेक मुद्दाम.

तुझ्या 'तू कुनाचा रे' या प्रश्नाचं उत्तर तू ऐकलंस की नाही, कुणास ठाऊक. मी वरच्या वाडीचा. घसा त्याचा पुरावा आहे. पण तूही हरलीस म्हण, कारण माझंही खरं ठरलं. एकच माइक असणं हीच चूक होती. म्हणून नवं पत्रक लिहायला घेतलंय. सड्यावर दोन माइक हवेत, दोन टोकांना, दोन्ही वाड्यांचे. दोघांनी आपली बाजू उघड घ्यावी. आणि टाच तपासायला कायम समोरच्या वाडीच्या माणसाने जावं.

पहिला परिच्छेद नेहमीसारखा लांबलाय. तीनदा वाचला. वाइड आहे, हे मला दिसतंय. पण ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगणारं आता कुणी नाही.